पांढरीवरच्या गढ्या

अकोल्याहून अकोटकडे किंवा अमरावतीहून दर्यापूरकडे जाताना उत्तरेची सातपुड्याची निळी रेघ सोडली, तर डोळ्यांना चढउतार सापडत नाही. पूर्णेच्या गाळाने भरलेली ही काळी जमीन कोसचे कोस सपाट आहे. अशा मुलखात एखाद्या गावाच्या मध्यावर दोन-तीन पुरुष उंचीचा मातीचा ढिगारा दिसला, तर तो निसर्गाचा नव्हे. त्यावर बाभूळ आणि हिवर माजलेले असतात, पावसाळ्यात टरोटा उगवतो, उतारावर खापरांचे तुकडे विखुरलेले असतात. एका कोपऱ्यात घडीव दगडांचे जोते दिसते, कुठे अर्धा बुरूज तग धरून असतो, कुठे नुसती दरवाजाची कमान उभी असते. गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते, ही गढी.

नरनाळा आणि गाविलगड या दोन डोंगरी किल्ल्यांवर भरपूर लिहिले गेले. दोन्ही केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत आहेत आणि दोन्हींकडे पर्यटक जातात. पण वऱ्हाडच्या सामान्य माणसाने संकटाच्या रात्री ज्या भिंतीचा आसरा घेतला, ती भिंत सातपुड्याच्या कड्यावर नव्हती. ती त्याच्या गावात होती, मातीची होती आणि बहुतेक ठिकाणी कोणत्याच यादीत न येता विरघळून चालली आहे.

गढीची रचना गावोगाव बदलते, तरी सांगाडा साधारण एकच. चौकोनी किंवा आयताकार आवार, चार कोपऱ्यांना गोल बुरूज आणि एकच मोठा दरवाजा. दरवाजाच्या फळीत एक माणूस वाकून आत येईल एवढी दिंडी. खाली दगडाचे जोते, वर मातीची भिंत, आणि मालकाची ऐपत असेल तर बाहेरून भाजलेल्या विटांचे अस्तर. भिंत तळाशी रुंद आणि वर निमुळती. आत देशमुखांचा किंवा पाटलांचा वाडा, गुरांचा गोठा, धान्याची पेवे, भिंतीतली बळदे आणि एक विहीर. ही विहीर चैनीसाठी नव्हती. दरवाजा बंद केल्यावर आत कोंडलेल्या माणसांना आणि जनावरांना पाणी मिळणार नसेल, तर जाड भिंतीचा उपयोग दोन दिवससुद्धा नाही.

या भिंती कोणाच्या भीतीने उभ्या राहिल्या, हे कळायला अठराव्या शतकाचा वऱ्हाड पाहावा लागतो. 1719 मध्ये मराठ्यांना मोगल दरबाराकडून दख्खनच्या सुभ्यांतील चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या. पुढच्याच वर्षी निजामुल्मुल्काने बाळापूरजवळ आलम अली खानाचा पराभव केला. 1724 मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिज खान पडला आणि निजामाचा दख्खनवरचा ताबा पक्का झाला. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांनी वऱ्हाडात हात घट्ट रोवले. मुलूख नावाने निजामाचा राहिला, पण वसुलाचे वाटेकरी दोन झाले. याच कारभाराला दोअमली म्हणत. एकाच गावात निजामाचा अंमलदारही येई आणि भोसल्यांचा कमाविसदारही. दोघांना पैसा हवा असे आणि रयतेच्या रक्षणाची जबाबदारी मात्र दोघेही दुसऱ्यावर ढकलू शकत. गावात वसूल गोळा करणाऱ्या देशमुखाला हा पैसा ठेवायला सुरक्षित जागा लागे. गढी ही त्या अर्थाने त्याची कचेरी होती आणि तिजोरीही.

मग आले पेंढारी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात नर्मदेकडून उतरणाऱ्या त्यांच्या टोळ्यांनी वऱ्हाड पिंजून काढला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ अशी ख्याती असलेला मुलूख त्यांच्या वाटेवरच होता. पेंढारी घोड्यावर वेगाने येत, लुटीचा माल उचलत आणि पाठलाग सुरू होण्याआधी निघून जात. त्यांच्याजवळ वेढा घालण्याजोगा तोफखाना नसे आणि एका गावापाशी रेंगाळणे त्यांना परवडत नसे. गढीचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. तिला मोठ्या फौजेशी महिनाभर झुंजायचे नव्हते. घोडा उडी मारू शकणार नाही एवढी भिंत, पेटवता येणार नाही असा दरवाजा, बुरुजावर चार बंदुका आणि आत दोन दिवसांचे धान्य असले, की टोळी पुढच्या गावाकडे वळण्याची शक्यता मोठी होती.

मोठ्या गावांनी हाच विचार मोठ्या मापाने केला. पेंढाऱ्यांपासून श्रीमंत व्यापाऱ्यांना संरक्षण मिळावे म्हणून निजाम सरकारने 1807 मध्ये अमरावतीभोवती दगडी परकोट बांधायला घेतला. सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, 20 ते 26 फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी गेट ही नावे आजही ऑटोवाल्यांच्या तोंडी आहेत. कारंजा लाडच्या चार दिशांना दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशी आहेत. मोर्णेच्या काठी अकोल्याच्या किल्ल्याला 1697 मध्ये असद खानाने मजबुती दिली, म्हणून तो असदगड. 1803 च्या नोव्हेंबरात आडगावच्या लढाईआधी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्याला पडला होता. पुढे 1870 च्या सुमारास इंग्रजांनी हा किल्ला पाडला.

बाळापूरचा किल्ला या मालिकेतला सर्वांत देखणा. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर, उंच जागी, उत्तम भाजलेल्या विटांचा हा किल्ला एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याच्या काळात, 1757 मध्ये पुरा झाला. डोंगर नाही, खडक नाही, म्हणून नद्यांचे पाणी हाच खंदक. वऱ्हाडच्या सपाटीवर दगडाविना किती भक्कम बांधता येते, याचा हा सर्वोत्तम नमुना. खेड्यातल्या गढीने हेच गणित कमी पैशांत सोडवले.

हे गणित मातीचे होते. पूर्णाकाठची काळी माती कापसाला उत्तम, पण बांधकामाला वैरीण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर किंवा तिची उभारलेली भिंत चार ऋतूंत तडकते. गावाच्या जुन्या वस्तीखालची पांढरी माती तशी नाही. ती पाणी पिऊन फारशी फुगत नाही, कुटार आणि शेण घालून मळली की दगडासारखी बसते. वऱ्हाडातल्या धाब्याच्या घरांची छपरेही याच मातीची. म्हणून गढी पांढरीवर उभी राहिली आणि पांढरीचीच बांधली गेली. जाड मातीच्या भिंतीचा आणखी एक गुण होता. तोफेचा गोळा दगडी भिंतीला तडा पाडतो, मातीच्या भिंतीत मात्र रुतून बसतो. 1805 मध्ये राजस्थानातल्या भरतपूरच्या रुंद मातीच्या तटापुढे जनरल लेकच्या इंग्रजी फौजेने चार वेळा चढाई केली आणि चारही वेळा माघार घेतली.

मात्र ही पांढरी माती येते कुठून? त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात मराठी गावाचे पांढरी आणि काळी असे दोन भाग सांगितले आहेत. पांढरी म्हणजे वस्ती, काळी म्हणजे शेती. पांढरीचा रंग आपोआप आलेला नाही. मातीचे घर चाळीस-पन्नास वर्षांत खचते, त्याच ढिगाऱ्यावर नवे घर उठते. चुलीची राख, शेण, हाडे, फुटकी मडकी, सारवणाचे थर एकावर एक साचत जातात. शेकडो वर्षांनी गाव आजूबाजूच्या शेतांहून उंच होते. देशमुखाने गढीसाठी गावातली सर्वांत उंच जागा निवडली, तेव्हा त्याने नकळत गावातली सर्वांत जुनी जागा निवडली.

याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच मिळाला. चांदूर बाजार तालुक्यातील तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने बी. पी. बोपर्डीकर यांच्या नेतृत्वाखाली 1984-85 मध्ये उत्खनन केले. गढीच्या टेकाडाखाली माळवा आणि जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतींचे थर निघाले, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती. रंगवलेली मडकी आणि जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे मु. द. काजळे यांनी या दाण्यांचा अभ्यास करून तिथल्या शेतीवर 1988 मध्ये लिहिले. तोवर जोर्वे संस्कृती म्हटले की गोदावरी-प्रवरेचे खोरे डोळ्यांपुढे येई. एका गढीने ती सीमा वऱ्हाडापर्यंत आणली.

वर्धा नदीवरचे कौंडिण्यपूर रुक्मिणीचे माहेर म्हणून भाविकांना माहीत आहे. तिथे 1960 च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांच्या उत्खननाने सातवाहन काळापर्यंतच्या आणि त्याआधीच्या वस्त्या उघड केल्या. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेकाठच्या भोन येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना सातवाहनकालीन वस्ती आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. दोन्ही ठिकाणी शोधाची सुरुवात पांढऱ्या मातीच्या टेकाडापासून झाली. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या किती गढ्यांच्या पोटात असे थर असतील, याचा अंदाज तुळजापूर गढीवरून बांधता येतो.

गढीचा इतिहास सगळ्या गावाला सारखा आठवत नाही, हेही नोंदवायला हवे. भिंत वडारांनी आणि बेलदारांनी घातली, वेशीवर रात्रीचा पहारा महार वेसकराने दिला, शाकारणीला आणि सारवणाला बलुतेदार आणि कुणबी राबले. यातले बरेच काम वेठीचे होते. हल्ल्याच्या वेळी दरवाजाच्या आत कोणाला जागा मिळे आणि कोण बाहेर उरे, हे जातीवर आणि मानावर ठरे. देशमुखांच्या घराण्यात गढी अभिमानाने सांगितली जाते, तर गावकुसाबाहेरच्या वस्तीत तिची आठवण वेगळी असते. गढी जपायची तर या दोन्ही आठवणी जपाव्या लागतील. नुसत्या घराण्याच्या बखरीवर भागणार नाही.

काही गावांना गढीही वाचवू शकली नाही. 1803-04 च्या लढाया आणि त्यांच्यामागोमाग आलेला दुष्काळ यांनी वऱ्हाडातली अनेक गावे उठवली. महसुली दप्तरात ती बेचिराख किंवा रिठी म्हणून लागली. नकाशावर मौजाचे नाव आहे, शिवार आहे, सर्व्हे नंबर आहेत, पण घर एकही नाही. शिवारात पऱ्हाटी आणि तुरीच्या मध्ये थोडी उंच, फिकट जमीन, एखादा शेंदूर लावलेला मारोती आणि नांगराला लागणारी खापरे एवढेच उरते. तिथे गढी असेल तर तीच गावाची एकमेव खूण.

पेंढाऱ्यांचा बंदोबस्त 1817-18 च्या मोहिमेत झाला, तरी गढीचे दिवस लगेच भरले नाहीत. निजामी अंमलात वऱ्हाडचा वसूल मक्त्याने दिला जाई. पूरणमल सावकार आणि नंतर पेस्तनजी मेहेरजी अशा मक्तेदारांच्या हाती परगणेच्या परगणे होते आणि वसुलासाठी अरब-रोहिल्यांची शिबंदी हिंडत असे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. गाविलगडाची तटबंदी 1858 मध्ये निकामी केली गेली, ती तात्या टोपे यांच्या हाती लागू नये म्हणून. 1861 पासून जमिनीची मोजणी सुरू झाली. सारा थेट रयतेकडून घेतला जाऊ लागला आणि देशमुख-देशपांडे वसुलाच्या साखळीतून बाहेर पडले.

त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आणला. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वेची वाट अकोला-बडनेरामार्गे नागपूरला भिडली. संपत्ती पेवात लपवण्याऐवजी जिनिंगमध्ये आणि शहरातल्या वाड्यात गुंतवता येऊ लागली. गढीतली घराणी हळूहळू खाली उतरली. काहींनी गावातच मोकळा वाडा बांधला, काही अमरावती-अकोल्याला गेली. स्वातंत्र्यानंतर 1960 च्या दशकात पाटीलकीचे वंशपरंपरागत पदही कायद्याने संपले.

मातीच्या भिंतीला मालकाने पाठ फिरवली की तिचा अंत ठरलेला असतो. दर वर्षी मृगाआधी भिंतीच्या माथ्यावर पांढऱ्या मातीचा लेप बसे, पडझड लिंपली जाई. हा लेप बंद झाला की पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत माथा उघडा पडतो. पाणी भिंतीच्या गाभ्यात मुरते, घळी पडतात, भिंत आपल्याच पायाशी कोसळते आणि उभ्या कडेचा उतार होतो. विटांचे अस्तर लोक घरासाठी काढून नेतात. दोन पिढ्यांत बुरुजाचा गोल टेकाड होतो आणि गढी ओळखायला जाणता माणूस लागतो.

अशीच मातीची वर्तुळे हजारो मैलांवरच्या आयर्लंडमध्ये आहेत. साधारण इसवी सन 500 ते 1000 या काळात तिथल्या सधन शेतकऱ्यांनी आणि लहान सरदारांनी आपल्या घराभोवती गोल मातीचा बांध आणि खंदक घातला. अशी 45,000 हून अधिक ठिकाणे तिथे नोंदली गेली आहेत. त्यांचे काम आपल्या गढीशी मिळतेजुळते. आत घर आणि गुरांना आसरा, बाहेर गुरे पळवणाऱ्यांपासून आडोसा, शिवाय मालकाच्या प्रतिष्ठेची खूण. काहींत जमिनीखाली दगडी भुयारेही आहेत. एवढी वर्तुळे हजार वर्षे टिकली याची दोन कारणे ठळक आहेत. पहिले, ती अदृश्य योनींची घरे आहेत आणि त्यांना नांगर लावला तर घरावर संकट येते, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. दुसरे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी मोजणीदारांनी सहा इंचाला एक मैल अशा मोठ्या मापाचे नकाशे केले, तेव्हा शेतातली बहुतेक वर्तुळे नकाशावर उतरवली. पुढे जे मोडले गेले, त्याचीही जागा सांगता येते.

वऱ्हाडात लोकसमजूत नेमकी उलट दिशेने गेली. गढीत सोन्याचा हंडा पुरलेला आहे, त्यावर नाग बसलेला आहे, भुयार थेट दुसऱ्या गावाच्या गढीत किंवा नदीत निघते, या गोष्टी जवळपास प्रत्येक गावात सांगतात. आयर्लंडमध्ये भीतीने कुदळ अडवली, इथे लोभाने ती चालवली. अमावास्येच्या रात्री गुप्तधनासाठी खणलेल्या खड्ड्यांनी कित्येक गढ्यांचे पोट पोखरले गेले आहे. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त मोलाचे पुरलेले धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. हे खणणाऱ्याला माहीत नसते. माहीत असले तरी तो ते मनावर घेत नाही. अशा खड्ड्यातून हंडा निघो न निघो, थर मात्र कायमचे फाटतात. कोणते खापर कोणत्या चुलीजवळ होते, हे एकदा उकरल्यावर पुन्हा कोणालाच सांगता येत नाही.

दुसरा घाव अधिक शांतपणे बसतो. राख आणि शेणामुळे पांढरीची माती पिकाला मानवते, म्हणून उन्हाळ्यात ती ट्रॉली भरभरून शेतात जाते. घराचा भराव, रस्त्याची साइडपट्टी, विटाभट्टी, सगळ्यांना तीच सोपी पडते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. खताला पैसे लागतात आणि गढीची माती फुकट मिळते. शिवाय गढी उंच, म्हणून पाण्याची टाकी तिथेच, आणि मोकळी, म्हणून अंगणवाडी किंवा समाजमंदिरही तिथेच. या गरजा खऱ्या आहेत. त्यांच्यासाठी खणलेल्या पायात काय निघाले, हे मात्र बहुतेक कुठेच लिहून ठेवले जात नाही.

नोंद करण्याची साधने आज पूर्वीपेक्षा जवळ आली आहेत. केंद्राच्या स्वामित्व योजनेतून 2020 पासून गावठाणांचे ड्रोनने मोजमाप सुरू आहे आणि घराघराला मिळकत पत्रिका दिली जात आहे. ड्रोनच्या चित्रात गढीचा उंचवटा, बुरुजांचे गोल आणि तटाची सरळ रेघ जमिनीवरून दिसते त्याहून स्पष्ट दिसू शकते. त्या नकाशावर गढीची हद्द वेगळ्या खुणेने दाखवायला नवा कायदा लागत नाही. तलाठ्याची आणि भूमापकाची एक नोंद पुरते. एखादे स्थळ खरोखर महत्त्वाचे ठरले, तर 1960 चा राज्याचा प्राचीन स्मारके अधिनियम त्याला संरक्षण देण्यासाठी आहेच.

गावाला स्वतःला करता येण्याजोगे काम त्याहून सोपे आहे. टाकीसाठी किंवा शाळेसाठी गढी खणायची असेल, तर खड्ड्याच्या भिंतीचे पट्टी लावून फोटो काढणे, खोलीप्रमाणे खापरे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवणे, विटांची लांबी-रुंदी-जाडी मोजणे, आणि हे सारे जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला कळवणे. सातवाहनकाळची वीट मध्ययुगीन विटेपेक्षा बरीच मोठी असते, म्हणून नुसत्या मापावरूनही काळाचा पहिला अंदाज बांधता येतो. अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून दर वर्षी इतिहासाचे शेकडो विद्यार्थी बाहेर पडतात. प्रत्येकाने आपल्या गावच्या गढीचा एक आराखडा, उभ्या असलेल्या भागांची उंची, दरवाजाची दिशा, विहिरीची जागा आणि तिथल्या जुन्या माणसांनी सांगितलेली हकिगत, देशमुखवाड्यातली आणि वेसकराच्या घरातलीही, लिहून काढली, तर पाच वर्षांत पूर्णाखोऱ्याचा असा नकाशा हाती येईल जो आजवर कोणी केलेला नाही. पुढचे तुळजापूर कुठे खणावे, हे पुरातत्त्वज्ञांना त्या नकाशावरून ठरवता येईल.